बशीवर न उमटलेलं बोट

१

बशी रिकामी होती.

दुकानाच्या दारातून आत आल्यावर मला आधी तेवढंच दिसलं. गडद निळी, तळहाताएवढी चिनीमातीची बशी. तीन मिनिटांपूर्वी तिच्यात पाचूची अंगठी होती.

"इदालिना, अंगठी तू उचललीस का गं?" माझ्या माद्रिन्याने विचारलं.

"नाही. मी तर बाहेर होते."

"मग गेली कुठे?"

ती खुर्चीत ताठ बसली होती. दोन्ही कोपर मखमली गादीवर टेकलेले, दोन्ही हात वर, आणि हातांवर मनगटापर्यंत घट्ट बसलेले मोतिया रंगाचे नवे हातमोजे. शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरसारखी दिसत होती ती. चेहरा मात्र पांढरा पडला होता.

माद्रिन्या म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मूल हातात धरणारी धर्माची आई. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर दोना व्हायोलांतने मला घरी नेलं, वाढवलं, रसायनशास्त्र शिकू दिलं. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती अंगठी तिच्या सासूबाईंची, त्याआधी त्यांच्या सासूबाईंची. दुसऱ्या दिवशी, तेरा जूनला, माझ्या मुलीचं, बेनेदिताचं लग्न होतं. चर्चमध्ये माद्रिन्या आपल्या बोटातून अंगठी काढून तिच्या बोटात घालणार होती. बेनेदिताची होणारी सासू ओताव्हिया लिलावघरात रत्नांची पारख करते. तीन महिने ती विचारत होती, "तो पाचू बघायला कधी मिळणार? मी भिंग घेऊनच येते!"

दरवर्षी बारा जूनला, संत अंतोनीच्या सणाच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघी लिस्बनच्या आव्हेनिदा या रुंद रस्त्यावर फिरायला जातो. एका बाजूने चढत वर पुतळ्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने खाली. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या फरसबंदीवर माद्रिन्या काठी टेकत चालते आणि दुकानांच्या काचेपलीकडच्या प्रत्येक पुतळीला काहीतरी ऐकवते. त्या सकाळीही तिने एका पर्सकडे काठी रोखून म्हटलं होतं, "एवढ्या पैशांत आमच्याकडे स्वयंपाकीण दोन वर्षं राहायची. आणि ती बोलायचीसुद्धा!" आम्ही काही विकत घेत नाही. फक्त शेवटी व्हालादारिशच्या या दुकानात हातमोज्यांचा एक जोड.

"शिडीखाली पडली असेल," शिडीवरून एर्मीनियाबाई म्हणाल्या. त्या दुकानात एकेचाळीस वर्षं लोकांच्या हातांवर मोजे चढवत होत्या. त्या उतरल्या, गुडघ्यांवर बसल्या, काउंटरखाली हात फिरवला. मोजा सहज सरकावा म्हणून त्या हातांना शंखजिऱ्याची पूड फासतात; जिथे जिथे हात लागला तिथे पांढरा ठसा उमटला.

"नाहीये," त्या वर बघत म्हणाल्या. "बाईसाहेब, इथे काहीच नाहीये."

२

दुकान एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. मी बाहेर का गेले होते तेही सांगते. माद्रिन्यानेच मला पाठवलं होतं. "याच रंगाच्या दुसऱ्या जोडातला हा मोजा उन्हात धरून बघ. दिव्याखाली मोतिया दिसतो आणि चर्चच्या दारात पिवळा निघतो." अगदी खरं होतं ते, रंग असे फसवतात. मी गेले.

तेव्हा आत चार माणसं होती. माद्रिन्या खुर्चीत. एर्मीनियाबाई शिडीवर, वरच्या खणातून खोका काढत. मालक बाल्ताझार मागच्या खोलीत फोनवर. रात्रीच्या मिरवणुकीसाठी रस्त्याकडेला लाकडी मचाण बांधत होते आणि ते त्याच्या काचेसमोर येत होतं, म्हणून तो कोणावर तरी ओरडत होता. आणि काचेच्या कोनाड्यात पाठमोरा बसलेला सजावटवाला तिओदोरू, कागदी माळा चिकटवत.

"पोलिसांना बोलवायला हवं," बाल्ताझार म्हणाला.

"नको," माद्रिन्या पटकन म्हणाली. "सणाचा दिवस आहे. कुठेतरी घरंगळली असेल. मिळेल."

"दोना व्हायोलांत, माझ्या आजोबांपासून या दुकानात कोणाची टाचणी हरवली नाही. कोणी कशाला हात लावू नका!"

पोलिस आले. त्यांचा अधिकारी फाल्कांव तरुण आणि थकलेला होता. त्या दिवशी सगळ्या लिस्बनचे पोलिस थकलेले असतात. त्याच्या सोबतच्या बाईने आमच्या पर्स तपासल्या, खिसे उलटे केले, तिओदोरूची खळीची बादलीही ढवळून पाहिली.

"अहो, खळ फुकट जातेय!" तिओदोरू म्हणाला. "त्यात अंगठी असती तर मी इथे माळा लावत बसलो असतो का?"

पोलिसबाईने रुमालाला हात पुसले.

मग फाल्कांवने सरळ प्रश्न विचारला. "बशीजवळ हात कोणाचा होता?"

सगळ्यांनी एर्मीनियाबाईंकडे पाहिलं. माद्रिन्याचे दोन्ही हात तर मोज्यात जखडलेले. काउंटरपलीकडे उभं राहून काम करणाऱ्या एकट्या त्याच.

"गिऱ्हाइकाच्या अंगठीला आम्ही हात लावत नाही," एर्मीनियाबाई हळू म्हणाल्या. "बाईसाहेबांनी स्वतः काढली, स्वतः बशीत ठेवली. नंतर मी शंखजिरं घेतलं. हा नियम आहे. साहेबांना विचारा."

 बाल्ताझारने हात पुढे केला.

"किल्ली ठेवून जा, एर्मीनिया."

"साहेब?"

"दुकानाची किल्ली. आणि पुन्हा येऊ नकोस. परवाना हातात आला की, सहा वाजता, हे पोलिस तुझ्या घरी झडती घ्यायला येणार आहेत."

एकेचाळीस वर्षांची किल्ली त्यांनी एप्रनच्या खिशातून काढली. काउंटरवर ठेवली तेव्हा काचेवर पांढऱ्या बोटांचे चार ठसे उमटले. माद्रिन्या ते ठसे पाहत राहिली.

३

निघताना बाल्ताझारने कुंडी पुढे केली. दरवर्षी तो जुन्या गिऱ्हाइकांना मांजेरीकु देतो. सब्जाच्या जातीचं, चेंडूसारखं गोल झुडूप, त्यात खोचलेलं कागदी फूल आणि चार ओळींचं कवन. खुर्चीच्या अगदी बाजूला सहा कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या.

"ही घ्या, ही चांगली भरलेली आहे."

"नको, ती. पिवळ्या फुलाची," माद्रिन्या म्हणाली. आणि मला, "तू धर. माझ्या हातात काठी आहे."

मी कुंडी कडेवर घेतली. पोलिसबाईने दार उघडून धरलं. त्या दिवशी शहरात ज्याच्या त्याच्या हातात अशी कुंडी असते.

उन्हाने दगड चकाकत होते. माद्रिन्याला एका टपरीच्या सावलीत बसवलं, लिंबाचं सरबत मागवलं. तिने मोजे काढले नव्हते. बसथांब्यावर एर्मीनियाबाई उभ्या दिसल्या, एप्रन अजून अंगावरच. मी कुंडी कडेवर घेऊनच रस्ता ओलांडून गेले.

"दोना एर्मीनिया, मला नाही वाटत तुम्ही घेतली असेल."

"वाटून काय होतंय, डॉक्टरबाई? तुम्ही ते म्युझियममध्ये जुन्या कपड्यांवरचे डाग तपासता ना?"

"हो."

"मग बशी तपासा. माझे हात लागले तिथे काय होतं ते तुम्ही पाहिलंत."

बस आली. मला काय बोलावं सुचेना. आमच्याकडे मांजेरीकु देणं म्हणजे 'तू माझा माणूस आहेस' असं सांगणं. मी कुंडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी सवयीने तळवा झुडपावर अलगद दाबला आणि तळव्याचा वास घेतला. त्यात थेट नाक खुपसलं तर झाड सुकतं, हे इथे पोरासोरांनाही माहीत असतं. मग त्या बसमध्ये चढल्या.

मी परत आले.

"कुंडी कुठाय?" माद्रिन्याने विचारलं.

"एर्मीनियाबाईंना दिली."

पेला टेबलावर आपटला. सरबत सांडलं. साठ वर्षं जिच्या हातून कपात चमचाही वाजला नव्हता, तिने ते पुसलंही नाही.

"तिला? तिला का दिलीस? जा, मागून आण!"

"मांजेरीकु मागून आणू?"

"हो! आत्ता! सहाच्या आत!"

मी तिच्याकडे बघत राहिले. दिलेला मांजेरीकु या शहरात कोणी परत मागत नाही. लग्न मोडलं तरी मागत नाही. आणि सहाच्या आत का?

"आणते," मी म्हणाले. पण बसथांब्याकडे गेले नाही. दुकानात गेले.

४

बशी होती तिथेच होती. पोलिसांनी डोळ्यांनी पाहिली आणि सोडून दिली होती. मी खाली वाकून, तिरप्या उजेडात, दोन्ही बाजूंनी पाहिली.

निळी, लख्ख. एक कणही नाही.

"काय शोधताय?" बाल्ताझार म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "मला काय आनंद झालाय असं वाटतं का तुम्हाला? एर्मीनिया माझ्या लग्नात होती!"

"मग किल्ली का मागितलीत?"

"दुसरं कोण होतं?"

"तेच विचारायला आलेय. तुम्ही मागच्या खोलीतून बाहेर आलात का, त्या तीन मिनिटांत?"

"कसा येणार? शिडी बघा."

शिडी रुळावर सरकते आणि वरच्या खणापाशी नेली की मागच्या खोलीचं दार पूर्ण अडतं. एर्मीनियाबाई तिच्यावर उभ्या होत्या. मी शिडीच्या कडा पाहिल्या: पांढरे ठसे. खणाची मूठ: पांढरी. खोक्याचं झाकण: पांढरं. सगळीकडे एर्मीनियाबाईंची बोटं होती. फक्त बशीवर नव्हती.

"तिओदोरू, हात दाखवा."

"आता हातही बघणार? भविष्य सांगणार काय?" त्याने पंजे पसरले. कोपरापर्यंत खळ वाळून पापुद्रे धरले होते. "सकाळपासून धुतले नाहीत. बायकोला सांगू नका."

खळीचा हात त्या बशीत गेला असता तर सुकलेला पट्टा राहिला असता. तोही नव्हता.

म्हणजे अंगठी उचलणाऱ्या बोटांना शंखजिरं नव्हतं, खळ नव्हती, काहीच नव्हतं. त्या खोलीत इतकी स्वच्छ बोटं कोणाची होती?

काउंटरवर, बशीपासून वीतभर अंतरावर, एक टाचणी पडली होती. मी ती पाहिली आणि तिथेच थांबले.

व्हालादारिशची ती जुनी पद्धत. मोजा चढवून झाला, फलालीनच्या तुकड्याने बाहेरची पूड पुसून काढली, की एर्मीनियाबाई काचेवर टाचणी टाकतात आणि म्हणतात, "उचला." मोजा नीट बसला असेल तर टाचणी उचलता येते. मी बाहेर जाण्याआधी माद्रिन्याने ती उचलली होती, पहिल्या झटक्यात, दोन्ही हातांनी एकेकदा. आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या.

जिच्या हातात मोजे आहेत तिला काही उचलता येणार नाही, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तेही टाचणी उचलताना डोळ्यांनी पाहून!

उरलेल्या पाच कुंड्या ओळीत होत्या. सहाव्या, पिवळ्या फुलाच्या कुंडीची रिकामी जागा खुर्चीच्या हातापासून सर्वांत जवळची होती.

 अंगठी दुकानाबाहेर मी नेली होती. पोलिसांच्या देखत, कडेवर घेऊन. आणि आता ती एर्मीनियाबाईंच्या घरी होती, जिथे सहा वाजता झडती होती.

५

साडेचार वाजले होते. माद्रिन्या टपरीवर तशीच बसून होती.

"आणलीस?"

"हात द्या," मी म्हणाले.

"काय?"

"उजवा हात द्या, माद्रिन्या."

तिने दिला. मी तळवा नाकाशी नेला: कातडं आणि थोडासा घाम. मग बोटांची टोकं. मांजेरीकुचा हिरवा, तिखट वास. तर्जनीच्या शिवणीत मातीची काळसर रेघ होती.

"वास घ्यायचा तर तळव्याने घेतात. तुमचा तळवा कोरा आहे. बोटं बुडाशी गेली होती, मातीत."

तिने हात ओढून घेतला.

"नवे मोजे तुम्ही कधी दुकानातून घालून निघत नाही. आज तीस अंश उन्हात घालून बसलात. काढले असते तर खोक्यात ठेवताना डाग दिसला असता. बरोबर?"

"तू लहानपणीही अशीच होतीस," ती शेवटी म्हणाली. "बिस्किटं कोणी खाल्ली ते चुऱ्यावरून सांगायचीस. मला तेव्हा कौतुक वाटायचं."

"का केलंत? ती तुमचीच अंगठी आहे."

"ती अंगठी नाही. ती काच आहे."

रस्त्यावर मचाणाची फळी धाडकन पडली. दोघी दचकलो.

"बारा वर्षं झाली. एरिसेराला, समुद्राकाठच्या घरी मोलकरीण आजारी होती. मला वाटलं, सार्डिन मासे मी स्वतः साफ करीन. कोणी बघत नव्हतं. अंगठी काढली, वर्तमानपत्रावर ठेवली. मग डोकी, आतडी, सगळं त्याच कागदात गुंडाळलं आणि..." तिने हाताने फेकल्याची खूण केली. "संध्याकाळी आठवलं, तोवर कचरा गेला होता. सासूबाई मरताना म्हणाल्या होत्या, ही हरवणार बघ. मी तशीच दुसरी करून घेतली. कोणाला कळलं नाही. पण उद्या ओताव्हिया भिंग घेऊन येणार."

"म्हणून आज हरवायची होती."

"फक्त हरवायची होती! कोणावर आळ यायला नको होता. मी पोलिसांना नको म्हटलं की नाही?"

"म्हटलंत. आणि किल्ली मागितली तेव्हा?"

तिने काठी जवळ ओढली. मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. आणि मला दया येण्याऐवजी राग आला, याचा मला स्वतःलाच धक्का बसला.

"उठा," मी म्हणाले. "टॅक्सी मिळणार नाही, रस्ते बंद होताहेत. एर्मीनियाबाईंच्या घरी चालत जायचं आहे. पत्ता दुकानातून आणलाय."

"मोरारियापर्यंत? माझे गुडघे—"

"चालत, माद्रिन्या."

६

एर्मीनियाबाईंच्या गल्लीत सार्डिन भाजण्याचा धूर भरला होता. माद्रिन्याने तोंड फिरवलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला पावणेसहा झाले.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुंडी होती, आणि तिच्या शेजारी बशीत, ओल्या मातीने माखलेली अंगठी. एर्मीनियाबाई समोर बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"माती कोरडी होती, म्हणून पाणी घातलं," त्या म्हणाल्या. "ही वर आली. तेव्हापासून बघत बसलेय. फेकली तर चोर, दिली तर चोर." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "कुंडी तुम्ही दिलीत, डॉक्टरबाई. म्हणालात, मला नाही वाटत तुम्ही घेतली. मी बसमध्ये रडले. आणि मग हे. तुम्ही असं का केलंत माझ्याशी?"

 पूर्ण एक तास या बाईंनी मीच त्यांना अडकवलं असं समजून काढला होता.

"तिनं नाही," दारातून माद्रिन्या म्हणाली. ती काठीवर पूर्ण भार टाकून उभी होती. "मी. मीच मातीत खोचली. अंगठी खोटी आहे. उद्या ते उघडं पडलं असतं."

एर्मीनियाबाईंनी माद्रिन्याच्या हातांकडे पाहिलं.

"अंगठी बदलली आहे ते मला माहीत होतं, बाईसाहेब."

"काय?"

"बारा वर्षांपासून. जुन्या अंगठीचा तुमच्या बोटावर खोल वळ होता. एका जूनमध्ये तुम्ही आलात तर वळ भरून आला होता, आणि नवी अंगठी अर्ध्या मापाने सैल होती. चौथ्या बोटाची शिवण मला तेव्हापासून मोकळी सोडावी लागते. हात बघणं हाच तर माझा धंदा."

"मग आज बोलली का नाहीस?" माद्रिन्याचा आवाज फुटला. "तो किल्ली मागत होता! एवढं सांगितलं असतंस की अंगठी पूर्वीची नाही, तर संशय माझ्याकडे वळला असता!"

"गिऱ्हाइकाच्या हातांचं आम्ही बाहेर बोलत नाही," एर्मीनियाबाई म्हणाल्या. "हाही नियम आहे."

खाली गल्लीत कोणीतरी ढोल बडवत होतं. माद्रिन्या हळूहळू समोरच्या खुर्चीत बसली. तिने मोजे काढायचा प्रयत्न केला. घामाने कातडं चिकटलं होतं, निघेना. ती बोटं ओढत राहिली, वेडीवाकडी.

"असं नाही, फाटेल," एर्मीनियाबाई म्हणाल्या. त्यांनी सवयीने टेबलावर घडी केलेला टॉवेल सरकवला. माद्रिन्याने त्यावर कोपर टेकला. मग त्यांनी मोज्याचं एकेक बोट सोडवलं, टोकाकडून, अगदी थोडं थोडं. आधी करंगळी, मग अंगठीचं बोट.  मोजे निघाले तेव्हा माद्रिन्याचे हात लहान आणि सुरकुतलेले दिसले. मी ते असे उजेडात कधी पाहिले नव्हते.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. दोघेजण, मग तिसरा. तिसऱ्याची धाप मला ओळखू आली, बाल्ताझार.

एर्मीनियाबाई दचकून उठल्या, अंगठीकडे हात गेला, थांबला.

"बसून राहा," माद्रिन्या म्हणाली.

तिने बशी उचलली, मातीसकट, उघड्या बोटांनी. काठी तिथेच खुर्चीला टेकलेली राहिली. भिंतीचा आधार घेत ती दारापर्यंत गेली, आणि ते वर पोचायच्या आत बशी त्यांच्यापुढे धरून उभी राहिली.